रुग्णालयाचे दार कोण निवडते? साक्षर समाजापुढील आरोग्यसाक्षरतेचा प्रश्न

मुकुंदवाडी परिसरातल्या एका कुटुंबाची ही गोष्ट आहे. वडील चौपन्न वर्षांचे, रखवालदार. एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली, अंगाला घाम सुटला. मुलगा वाळूजच्या कंपनीत ठेकेदारामार्फत कामाला होता आणि सोबत एम.ए. करत होता. त्याने शेजाऱ्याची रिक्षा काढली आणि रस्त्यावर लागलेले पहिले मोठे खासगी रुग्णालय गाठले. तीस हजार रुपये डिपॉझिट मागितले, तेही कसेबसे भरले. चौथ्या दिवशी बिल दोन लाखांच्या वर गेले. आईचे दागिने मोडले, बचत गटाचे कर्ज काढले, शेवटी महिना पाच टक्के व्याजाने सावकाराचे पैसे घेतले. पाचव्या दिवशी तेही संपले, तेव्हा रुग्णालयाने सांगितले, "आता घाटीत हलवा."

वडील वाचले. मुलाचे एम.ए. मात्र सुटले, कारण कर्ज फेडायला तो आता जादा पाळी करतो.

घाटीच्या वॉर्डात माझी त्याच्याशी भेट झाली. मी विचारले, घरात कोणते कागद आहेत? केशरी रेशन कार्ड होते. आधार कार्ड होते. पगाराच्या पावतीवर ईएसआयचा क्रमांक होता आणि दरमहा शंभर-सव्वाशे रुपये कापलेले दिसत होते. यातले काहीही त्या पाच दिवसांत वापरले गेले नव्हते. पहिले रुग्णालय शासकीय योजनेत नव्हते. योजनेतले रुग्णालय तिथून फार लांब नव्हते. "ताई, आम्हाला कुणी सांगितलंच नाही," एवढेच तो म्हणाला.

हा मुलगा अडाणी नव्हता. तो समाजशास्त्राची पुस्तके वाचत होता. म्हणूनच ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील बौद्धांचे साक्षरतेचे प्रमाण ८१ टक्क्यांहून अधिक आहे, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा बरेच वर. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात बौद्धांची लोकसंख्या सुमारे १५ टक्के आहे. बाबासाहेबांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत याच शहरात महाविद्यालय सुरू केले, नागसेनवन उभे राहिले, आणि मराठवाड्यातल्या पिढ्या तिथून शिकून बाहेर पडल्या. शिक्षणाचा हा वारसा असलेल्या शहरातही दवाखान्याच्या दारात आपण निरक्षर ठरत असू, तर साक्षरता आणि आरोग्यसाक्षरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य करावे लागेल.

पहिले दार आणि दुसरे दार

आरोग्यसाक्षरता म्हटले की आपल्याला हात धुणे, पाणी उकळणे, साखर-रक्तदाब तपासणे आठवते. ते महत्त्वाचे आहेच. पण रुग्ण कोणत्या रुग्णालयात जातो हे ठरवणारे ज्ञान वेगळे आहे. ते आजाराचे ज्ञान कमी आणि व्यवस्थेचे ज्ञान जास्त आहे. कोणते रुग्णालय कोणत्या खात्याचे, तिथे काय मोफत, कोणता कागद कुठे चालतो, कुणाला विचारायचे, नकार मिळाला तर कुठे जायचे, याचे हे ज्ञान.

वरच्या गोष्टीत मुलाचा पहिला निर्णय चुकला नव्हता. छातीत कळ आल्यावर जवळचे सोयीचे रुग्णालय गाठणे किंवा १०८ ला फोन करणे हेच योग्य. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केले आहे की तातडीच्या रुग्णावर उपचार करणे हे सरकारी आणि खासगी, दोन्ही डॉक्टरांचे कर्तव्य आहे. पहिले दार बहुतेक वेळा अंतरावरून ठरते.

खरा प्रश्न दुसऱ्या दाराचा. रुग्णाची प्रकृती स्थिर झाल्यावर पुढचा उपचार कुठे घ्यायचा, हा निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी घेता येतो. पण त्या सकाळी रुग्णाच्या कुटुंबाभोवती कोण असते? एखादा नातेवाईक, गल्लीतला डॉक्टर, रुग्णवाहिकेचा चालक, ओळखीचा कुणी 'रुग्णसेवक'. यातले काही खरोखर मदत करतात. काहींचा पाठवलेल्या प्रत्येक रुग्णामागे वाटा ठरलेला असतो. या कट प्रॅक्टिसविरुद्ध महाराष्ट्रात २०१७ साली कायद्याचा मसुदा तयार झाला, पण कायदा झाला नाही. म्हणजे दुसरे दार निवडतो आपण, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते आपल्यासाठी निवडलेले असते.

एकाच शहरात अनेक दारे

आपल्या शहरात गरीब रुग्णासाठी किती दारे आहेत ते एकदा मोजू.

पहिले, महानगरपालिकेची आरोग्य केंद्रे. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र अपेक्षित आहे. ताप, गरोदरपणाची तपासणी, लसीकरण, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या यांसाठी थेट घाटीच्या रांगेत उभे राहण्याची गरज नाही.

दुसरे, चिकलठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय. हे सार्वजनिक आरोग्य विभागाचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात या विभागाच्या सर्व रुग्णालयांत केस पेपर, तपासण्या आणि उपचार मोफत झाले.

तिसरे, घाटी, म्हणजे १९५६ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय. हजाराहून अधिक खाटा आणि मराठवाड्यासह शेजारच्या जिल्ह्यांचा भार. घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. त्यामुळे २०२३ चा मोफत उपचारांचा निर्णय तिला लागू झाला नाही. दोन्ही 'सरकारी', दोन्ही एकाच शहरात, पण खाते वेगळे म्हणून नियम वेगळा. हा फरक किती सुशिक्षित लोकांना माहीत आहे? मी कार्यकर्त्यांच्या बैठकीत विचारते तेव्हा एखादाच हात वर होतो. कर्करोगासाठी याच वैद्यकीय महाविद्यालयाचे आमखास मैदानाजवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, जिथे लांबलांबून रुग्ण येतात.

चौथे, कामगारांसाठी ईएसआय. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार यात येतो. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पंधरा हजार पगार असेल तर कामगाराचे महिन्याला साधारण ११३ रुपये जातात. त्या बदल्यात त्याच्यावर आणि त्याच्या कुटुंबावर, अवलंबून असलेल्या आई-वडिलांसह, उपचार होतात. शहरात कामगार विमा रुग्णालय आहे, आणि गरज पडल्यास करार केलेल्या खासगी रुग्णालयातही पाठवले जाते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथे ठेकेदाराकडे राबणारी आपली हजारो मुले ही रक्कम भरतात आणि कार्ड कधी काढतच नाहीत. ज्या अहवालावर ही योजना उभी राहिली तो प्रा. बी. पी. अडारकर यांचा अहवाल १९४४ साली आला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री बाबासाहेब होते. १४ एप्रिलला आपण हे भाषणात सांगतो. वडिलांच्या आजारपणात मात्र पगाराची पावती उघडून पाहत नाही.

पाचवे, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये आपल्या जिल्ह्यासह राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला फुल्यांचे नाव मिळाले आणि २०२० मध्ये ती आयुष्मान भारतशी जोडली गेली. १ जुलै २०२४ पासून विस्तारित रूपात ती पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्याही रेशन कार्डधारकांसाठी लागू झाली असून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण तिच्या मर्यादाही माहीत हव्यात. योजना सगळ्या रुग्णालयांत नाही, यादीतल्या रुग्णालयांतच चालते. उपचारही यादीतले असावे लागतात. साधा बाह्यरुग्ण उपचार यात बसत नाही. काही उपचार फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. यादीतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकांवर विचारता येते.

सहावे, धर्मादाय रुग्णालये. ट्रस्टच्या नावाने चालणाऱ्या आणि सवलती घेणाऱ्या मोठ्या रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करावी लागते. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार आहे. तातडीच्या वेळी डिपॉझिटसाठी अडवून ठेवता येत नाही.

सहा दारे आहेत. आपल्या वस्तीत मात्र दोनच नावे चालतात, घाटी आणि 'प्रायव्हेट'. आरोग्यसाक्षरतेचा प्रश्न नेमका इथे आहे.

लोक अडाणी म्हणून खासगीत जातात का?

नाही. हे स्पष्टपणे सांगायला हवे, नाहीतर आरोग्यसाक्षरतेची चर्चा रुग्णालाच दोष देऊन संपते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील साधारण निम्म्या कुटुंबांनी सांगितले की आजारपणात ते सहसा सरकारी सेवेकडे जात नाहीत. कारणे विचारली तेव्हा ४८ टक्क्यांनी सेवेचा खालावलेला दर्जा, ४६ टक्क्यांनी लांबलचक प्रतीक्षा आणि ४० टक्क्यांनी जवळ केंद्र नसणे हे सांगितले. ही अज्ञानाची उत्तरे नाहीत, ती अनुभवाची उत्तरे आहेत. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा ओपीडीच्या रांगेत दिवस गेला तर तिची मजुरी बुडते. मोफत उपचार तिच्यासाठी मोफत राहत नाही. त्यात औषध बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडली की उरलेला विश्वासही जातो.

आणि एक कारण कोणत्याच तक्त्यात येत नाही. ते म्हणजे अपमान. "ए म्हातारे, तिकडे हो" असे ऐकून घेतलेली आजी पुढच्या वेळी कर्ज काढून खासगीत जाते, कारण तिथे निदान कुणी "या आजी, बसा" म्हणतो. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या दारातून हाकलले जाणे सोसले, तो वागणुकीला औषधाइतकेच महत्त्व देणार. हे समजून न घेता "सरकारी दवाखान्यातच जा" असा उपदेश करणे अन्यायाचे आहे.

पण याची किंमतही पाहा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) एकदा रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खासगीत ३१,८४५ रुपये होता, म्हणजे सात पट. यात बाळंतपणाचा खर्च धरलेला नाही. बाळंतपणाबाबत कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते की देशात खासगी रुग्णालयांतील सुमारे ४७ टक्के प्रसूती सिझेरियनने होतात, सरकारी रुग्णालयांत सुमारे १४ टक्के. गुंतागुंतीच्या केसेस दोन्हीकडे सारख्या नसतात हे धरले, तरी एवढी तफावत केवळ वैद्यकीय गरजेने समजावता येत नाही. महाग म्हणजे चांगले, हा समज इथे तपासून पाहावा लागतो.

उशिरा पोहोचणारा रुग्ण

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालके होती. लगेचच घाटीतल्या मृत्यूंच्याही बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधांचा तुटवडा, रिक्त पदे, खाटांपेक्षा जास्त रुग्ण यांवर बोलले गेले. प्रशासनाच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडला गेला. अनेक रुग्ण खासगी रुग्णालयांतून अखेरच्या अवस्थेत आले होते.

हा मुद्दा सरकारला जबाबदारीतून सोडवत नाही. औषधे, डॉक्टर, परिचारिका पुरवणे हे सरकारचेच काम. पण घाटीच्या वॉर्डात रोज फिरणाऱ्या माझ्यासारखीला त्यातले वास्तव नाकारता येत नाही. पैसे असेपर्यंत खासगी, पैसे संपले की घाटी, हा क्रम आम्ही रोज पाहतो. मग घाटीत मृत्यू झाला की "घाटीत गेला की माणूस परत येत नाही" हा समज पक्का होतो आणि पुढचा रुग्ण आणखी उशिरा येतो. हे चक्र तोडायचे तर दुसऱ्या दाराचा निर्णय पैसे संपल्यावर नव्हे, तर पहिल्या दिवशी व्हायला हवा.

वाचणे, विचारणे, जाब विचारणे

आरोग्यसाक्षरतेचे अभ्यासक डॉन नटबीम यांनी २००० साली तिच्या तीन पायऱ्या मांडल्या. आपल्या भाषेत त्या अशा सांगता येतील. पहिली वाचणे, म्हणजे चिठ्ठी, औषधाची मात्रा, अर्ज समजणे. दुसरी विचारणे, म्हणजे डॉक्टरांशी बोलून आजार, पर्याय आणि खर्च समजून घेणे. तिसरी जाब विचारणे, म्हणजे आपल्याला मिळणारी सेवा अशी का आहे हे तपासणे आणि ती बदलण्यासाठी एकत्र येणे.

आपण पहिल्या पायरीवर बऱ्यापैकी आहोत. दुसऱ्या पायरीवर अडखळतो, कारण डॉक्टरसमोर प्रश्न विचारणे उद्धटपणा वाटतो. विनयपिटकाच्या महावग्गात मात्र शुश्रूषेला सोपा रुग्ण कोणता हे सांगताना, जो आपला आजार वाढतो आहे की कमी होतो आहे हे जसे आहे तसे सांगतो आणि काय हितकर ते जाणून वागतो, तो असे म्हटले आहे. तिथला रुग्ण गप्प राहणारा नाही, उपचारात सहभागी होणारा आहे. सेवा करणाऱ्याबद्दलही तिथे म्हटले आहे की त्याने ती लाभासाठी नव्हे, मैत्रीने करावी. नावापुढे 'रुग्णसेवक' लावणाऱ्या प्रत्येकाने, आपल्या माणसांनीही, हे स्वतःला लावून पाहावे.

तिसऱ्या पायरीसाठी कायद्याने हत्यार दिले आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा झाली. त्यानुसार खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. बिल थकले म्हणून मृतदेह अडवता येत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे आणि आपली कागदपत्रे मिळवणे हा रुग्णाचा हक्क आहे. शहरात याची तपासणी महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाने करायची आहे. आपल्या भागातल्या किती रुग्णालयांत असा फलक आहे, हे आपण कधी पाहिले आहे का?

आपण काय करू शकतो

आपल्याकडे जयंतीला आरोग्य शिबिरे होतात. हेतू चांगला असतो. पण शिबिर घेणाऱ्या खासगी रुग्णालयाला तिथूनच पुढचे रुग्ण मिळतात, आणि वस्तीकडे शिबिरानंतर कोणतेही नवे ज्ञान उरत नाही. म्हणून काही साधी कामे सुचवते.

वर्षावासात तीन महिने विहारात ग्रंथवाचन होते. त्यातली आठवड्याची एक संध्याकाळ, वाचनानंतरचा अर्धा तास, आरोग्याच्या व्यवस्थेसाठी द्या. आरोग्यमित्र, आशाताई, घाटीतला समाजसेवा अधीक्षक, ईएसआयचा जाणकार कामगार यांना बोलवा.

प्रत्येक विहाराच्या फलकावर जवळचे मनपा आरोग्य केंद्र आणि त्याची वेळ, योजनेत असलेली जवळची रुग्णालये, धर्मादाय रुग्णालये आणि १०८ सह सगळे क्रमांक लिहा. यादी बदलत असते, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासा.

प्रत्येक घरात एक फाइल तयार ठेवा. रेशन कार्ड, आधार, आयुष्मान कार्ड, ईएसआय क्रमांक, उत्पन्नाचा दाखला, जुने रिपोर्ट. तहसीलचा दाखला माणूस आयसीयूत असताना काढायला धावणे फार क्लेशदायक असते. कागद हाताशी नसतील तरी घाबरू नका. योजनेत तातडीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे.

दाखल झाल्यावर चार प्रश्न विचारायची सवय लावा. हे रुग्णालय योजनेत आहे का? हा उपचार यादीत आहे का? अंदाजे खर्च किती, तो लिहून द्याल का? रुग्ण हलवण्याच्या स्थितीत आहे का?

आणि कार्यकर्त्यांनी सरकारी व्यवस्थेवरची पकड सोडू नये. घाटीत मदत कक्ष दिवसरात्र हवा, मराठी-उर्दूत ठळक पाट्या हव्यात, औषधसाठ्याची माहिती दर्शनी लावली पाहिजे. मनपाची केंद्रे संध्याकाळी उघडी हवीत, म्हणजे मजुरी न बुडवता जाता येईल. घाटीलाही मोफत उपचारांचा नियम लावा, ही मागणी या शहरातून जोरात उठायला हवी. ज्याला परवडते तो खासगीत जाऊन सुटतो. सरकारी रुग्णालय सुधारले नाही तर बुडणारा माणूस आपल्याच वस्तीतला असतो.

त्या मुलाने नंतर ईएसआय कार्ड काढले. परवा त्याचा फोन आला. शेजारच्या गल्लीतल्या एका बाईला दाखल करायचे होते. "ताई, चारही प्रश्न विचारले. हे रुग्णालय योजनेत नाही. रुग्ण हलवता येईल म्हणाले. आता योजनेतल्या रुग्णालयात नेतोय." एम.ए. अजून सुटलेलेच आहे. पण त्याच्या वस्तीत त्या दिवशी दुसरे दार रुग्णाच्या माणसांनी स्वतः निवडले.